२० किमीचा आकडा: स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये सायकल किती जोरात मारायची

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर स्विम, २० किमी सायकल आणि ५ किमी रन. नोकरी सांभाळून ट्रेनिंग करणाऱ्या माणसाच्या एकूण वेळातला निम्म्याच्या जवळपास वेळ सायकलवरच जातो, तरी सगळ्यात कमी विचार तिचाच होतो. स्विमची भीती असते म्हणून लोक पूलमध्ये घाम गाळतात, रनचा पेस प्रत्येकाला सेकंदासकट तोंडपाठ असतो, आणि सायकलचं विचारलं की उत्तर येतं "बघू, ताशी तीसचं ॲव्हरेज पकडू". माझा मावसभाऊ यंदा पहिल्यांदा स्प्रिंट करतोय, त्यानेही मला हेच विचारलं, ताई, तीस पकडू ना? मी म्हटलं, पकड, पण तीस आणलास कुठून ते आधी सांग. तर म्हणाला, रविवारच्या राईडला स्ट्रावावर, म्हणजे राईड मोजणाऱ्या ॲपवर, तीस येतंच की.

आता ही रविवारची राईड म्हणजे काय ते मुंबईत सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. पहाटे पाचला दहा-बारा जण निघतात, मानखुर्दवरून वाशीचा खाडीपूल, मग पाम बीच रोड, किल्ला जंक्शनला यू-टर्न आणि परत, शेवटी चेंबूरला इडली. मला ही राईड जीव की प्राण आहे, तिच्याबद्दल वाईट काहीच नाही. पण रेसचा आकडा तिच्यातून काढता येत नाही. एक तर तुम्ही बहुतेक वेळ कोणाच्या तरी मागे असता, आणि मागे असलं की पुढचा माणूस तुमच्यासाठी हवा कापतो, तुमचे पाव ते एक तृतीयांश कष्ट वाचतात. हौशी लोकांच्या बहुतेक रेसमध्ये ड्राफ्टिंगला, म्हणजे असं कोणाच्या मागे लागून चालवायला, बंदी असते, पुढच्या सायकलपासून ठरावीक अंतर ठेवावं लागतं, म्हणजे ती वाचलेली ताकद रेसच्या दिवशी तुमची तुम्हालाच घालायची आहे. दुसरं म्हणजे स्ट्रावा जो आकडा ठळक दाखवतो तो मूव्हिंग टाईमवरचा असतो. सिग्नलला थांबलात, कोणाचं पंक्चर काढायला थांबलात, पुलाच्या तोंडाशी मागच्यांची वाट बघितलीत, ते सगळं वजा, आणि वर प्रत्येक थांब्यात पायांना फुकटची विश्रांती. रेसचं घड्याळ थांबत नाही.

म्हणून मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली आणि जो कोणी विचारतो त्याला हेच सांगते, एकट्याने २० किमीची टाईम ट्रायल कर, म्हणजे घड्याळ लावून सलग मारायची टेस्ट, ऑटो-पॉज (थांबलं की घड्याळ आपोआप थांबवणारी सोय) बंद करून, १० जायचे आणि त्याच रस्त्याने १० यायचे. जाऊन-येऊनच पाहिजे. एकाच दिशेने वीस मारलेत आणि वारा पाठीवर असला तर जो आकडा येईल तो वाऱ्याचा, तुमचा नाही.

रस्ता कुठला हा मुंबईत मोठा प्रश्न आहे. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, कोस्टल रोड, जिथे जिथे सिग्नलशिवाय सलग रस्ता आहे तिथे तिथे सायकलला बंदी. मरीन ड्राईव्ह पहाटे सुंदर असतो पण जेमतेम साडेतीन किमीचा, सारखे यू-टर्न मारावे लागतात आणि सिग्नल आहेतच. बीकेसीत लूप मारता येतात, रविवारी सकाळी रस्ते रिकामे असतात, पण वळणं फार. आरेत झाडं आहेत, गारवा आहे, पण रस्ता वर-खाली आणि त्याची अवस्था दर पावसाळ्यानंतर वेगळी. माझ्या मते टेस्टसाठी पाम बीचच बरा, वाशी ते किल्ला जंक्शन साधारण नऊ-दहा किमी, सपाट, आणि डांबर बऱ्यापैकी गुळगुळीत. मात्र रिकामा रस्ता दिसला की तिथे गाड्या भयंकर वेगात येतात, त्यामुळे मागचा लाल लाईट चालू, अंगात चमकणारं काहीतरी आणि अगदी डाव्या कडेने. सिग्नल लाल असेल तर थांबायचं, टेस्ट गेली खड्ड्यात. पूर्ण थांबावं लागलं तर मी तो तुकडा धरत नाही आणि पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर पुन्हा सुरू करते. २० सलग मिळत नसतील तर ५ जा-५ ये अशा दोन फेऱ्या केल्या तरी चालतं, फक्त मधे बसून पाणी पीत गप्पा मारायच्या नाहीत.

वाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे भले भले लोक हिशेब चुकवतात. सगळ्यांना वाटतं की जाताना वारा समोरून आला तर येताना पाठीवर मिळेल, फिटंफाट. होत नाही फिटंफाट. समजा जाताना २६ चा वेग पडला आणि येताना ३४ चा, तर डोक्यात ॲव्हरेज ३० येतं, पण वेळ मोजा, पहिले १० किमी २३ मिनिटं ५ सेकंद, परतीचे १० किमी १७ मिनिटं ३९ सेकंद, एकूण ४० मिनिटं ४४ सेकंद, म्हणजे ॲव्हरेज साडेएकोणतीसच्याही किंचित खाली. हळू चाललेल्या भागात तुम्ही जास्त वेळ घालवता म्हणून नुकसान भरून येत नाही. आणि हा फरक पडायला वादळ लागत नाही, ताशी ७-८ किमीचा साधा वारा पुरतो, ज्याने झेंडा जेमतेम हलतो. मुंबईत हिवाळ्यात पहाटे वारा साधारण जमिनीकडून, ईशान्येकडून येतो आणि हलका असतो, मग दिवस वर आला की समुद्राकडून सुरू होतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो. त्यामुळे सकाळी सहाची टेस्ट आणि साडेनऊची टेस्ट यांची तुलना करायची नाही. पावसाळ्यात तर पश्चिमेचा वारा दिवसभर असतोच, तेव्हा टेस्टच करू नका, त्या महिन्यांत ट्रेनर (घरात सायकल लावून जागेवर चालवायचं यंत्र) काढा नाहीतर बेस, म्हणजे हलक्या वेगाने लांब चालवायचा दम, वाढवा.

आता वेग वाढवायला काय किंमत पडते ते बघा, कारण "अजून दोन किमीने वाढवू" हे बोलायला एक सेकंद लागतो. सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. टायरचं घर्षण त्यामानाने सरळ वाढतं. मी माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो, साधी रोड बाईक, वारा शून्य, असं धरून गणित केलं तर २८ च्या वेगाला साधारण १४० वॉट लागतात, ३० ला १६६ आणि ३२ ला १९६. प्रत्येकाची बसण्याची पद्धत, कपडे, टायर वेगळे, त्यामुळे तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चढण अशीच राहील. २८ वरून ३० वर गेलात तर २० किमीत २ मिनिटं ५१ सेकंद वाचतात. ३० वरून ३२ वर गेलात तर अडीच मिनिटंच वाचतात, आणि त्यासाठी आधीपेक्षा जास्त वॉट मोजावे लागतात. म्हणजे वर वर जाल तसा सौदा महाग होत जातो.

हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची सायकल, चालवणाऱ्यांनी यात मनाला लावून घ्यायचं काही नाही. सरळ बसल्यामुळे छाती हवेला लागते, तेवढ्याच ताकदीत रोड बाईकपेक्षा ताशी दोनेक किमी कमी पडणं स्वाभाविक आहे. पहिली स्प्रिंट हायब्रिडवर करणारे कितीतरी लोक असतात आणि मस्त करतात. फक्त रोड बाईकवाल्या मित्राचा आकडा आपला धरायचा नाही. टायरमध्ये हवा नीट भरा, चेन साफ करून तेल घाला, ढगळ टी-शर्ट सोडून अंगाला बसणारं काहीतरी घाला, पैसे न घालता जे मिळतं ते आधी घ्या.

टेस्ट कशी मारायची? पहिल्या दोन किमीत हात आखडता ठेवायचा. ताज्या पायांना सुरुवातीला काहीच जड लागत नाही, आणि तिथेच लोक सगळं उधळतात. मग हळूहळू अशा पातळीवर यायचं की तीन-चार शब्द बोलता येतील पण अख्खं वाक्य नाही. परतीचे १० किमी जातानाच्या इतक्याच मेहनतीने, वेगाने नव्हे, मेहनतीने. शेवटच्या दोन किमीत जीव काढायचा नाही, कारण रेसमध्ये उतरून पळायचंय. हीच टेस्ट वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा करा आणि सगळ्यात भारी आकडा न घेता मधला घ्या. भावाचा मधला आकडा आला ४२ मिनिटांच्या आसपास, म्हणजे साडेअठ्ठावीस. थोडा हिरमुसला. मला मात्र आनंद झाला, कारण हा त्याचा स्वतःचा आकडा होता, एकट्याने, उघड्या हवेत, न थांबता काढलेला, आणि त्याच्यावर प्लॅन उभा करता येतो.

पण ४२ हाही रेसचा आकडा नाहीये अजून. त्यात स्विम नाही आणि रन नाही. ब्रिक करायलाच पाहिजे, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच शूज घालून पळायचं, मधे पाच मिनिटं बसायचं नाही. पहिला एक किमी पाय आपले नसल्यासारखे वाटतात, ते सगळ्यांनाच होतं आणि सरावाने कमी होतं. मी बघते ते वेगळं. समजा एखाद्याचा नुसत्या ५ किमीचा पेस ६ मिनिटं प्रति किमी आहे. २० किमी ठरवलेल्या वेगाने मारून उतरल्यावर तो पहिला किमी सोडून पुढचे दोन किमी ६:१० ते ६:१५ ने पळू शकला तर सायकलचा वेग बरोबर आहे. ६:३०, ६:४० वर गेला आणि तिथून खाली येतच नसेल तर सायकल जास्त झाली, मग टेस्टमध्ये तो वेग कितीही सहज निघालेला असो.

हे मी एवढं ठासून का सांगते त्याचं गणित अगदी छोटं आहे. ३० ऐवजी ३१ ने गेलात तर २० किमीत १ मिनिट १७ सेकंद वाचतात. त्या एका किमीच्या हट्टापायी रन ६:०० वरून ६:३० वर घसरला तर ५ किमीत अडीच मिनिटं गेली. सव्वा मिनिट कमावलं, अडीच घालवलं. वर शेवटचे दोन किमी कंबरेवर हात ठेवून चालत जाण्याचं दुःख वेगळं. पहिल्यांदा रेस करणाऱ्या माणसाला रडवेलं होऊन चालताना बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण महिनोन्‌महिने पहाटे उठून केलेली तयारी कमी नसते, फक्त चाळीस मिनिटांचं वाटप बिघडलेलं असतं.

स्विमचा परिणाम मोजायला मुंबईत कठीण, पूलमधून निघून थेट सायकलवर बसता येईल अशी सोय फार थोड्या लोकांना मिळते. आमच्यातले काही जण महापालिकेच्या पूलची सकाळची बॅच संपली की बाहेर लावलेल्या सायकलीवर बसून निघतात, ट्रॅफिक असतो त्यामुळे वेगाचा प्रश्नच नाही, पण पोहून आल्यावर हार्ट रेट किती वर असतो आणि खाली यायला किती वेळ घेतो एवढं तरी कळतं. पाण्यात आडवं असताना हात काम करत असतात, मग एकदम उभं राहून पळत टी-वनला, म्हणजे स्विम संपवून सायकल घ्यायच्या जागी, यायचं, हेल्मेट, सायकल, मग पायांचं काम सुरू. पहिली चार-पाच मिनिटं श्वास लागलेलाच असतो. म्हणून टेस्टच्या आकड्यात मी स्विमसाठी एक-दीड टक्का वाढवते, म्हणजे ४२ मिनिटांना अर्धा मिनिट.

मग कोर्स बघायचा. ऑर्गनायझरने दिलेला नकाशा बहुतेक जण एकदा उघडतात आणि बंद करतात, तो नीट वाचा. २० किमी म्हणजे एकच जा-ये आहे की ५ किमीच्या चार फेऱ्या? चार फेऱ्या असतील तर प्रत्येकीत एक-दोन यू-टर्न येणार, प्रत्येक वळणाला ब्रेक मारून, वळून, पुन्हा वेगात यायला मी आठ ते दहा सेकंद धरते, सात-आठ वळणं झाली की मिनिटाच्या वर गेलं. वळणातून बाहेर पडताना दर वेळी उभं राहून स्प्रिंट मारणारे लोक असतात, तसं करू नका, बसूनच हलक्या गिअरवर फिरवत वेग वाढवा, ते सात-आठ स्प्रिंट रनमध्ये व्याजासकट वसूल होतात. चढ आहे का, रस्ता कसा आहे, पेव्हर ब्लॉकचा तुकडा आहे का, पुलावरचे जॉईंट आहेत का. रेस समुद्राकाठी असेल आणि तुमची वेव्ह, म्हणजे एकत्र सोडली जाणारी तुकडी, उशिराची असेल तर वारा सुरू झालेला असणार, तेही धरा. भावाच्या रेसला चार फेऱ्या आहेत, म्हणून त्याचा हिशेब झाला ४२, अधिक स्विमचा अर्धा, अधिक वळणांचं मिनिटभर, म्हणजे साडेत्रेचाळीस. त्याच्या आजूबाजूला एक पट्टा ठेवला, ४२:३० ते ४५. म्हणजे साधारण पावणेसत्तावीस ते सव्वाअठ्ठावीसचं ॲव्हरेज. वारा पडलेला असेल तर कमी वेळ, वारा असेल तर जास्त, दोन्हीत तो ठरल्याप्रमाणेच चाललेला असेल.

सायकलवर वॉट मोजणारा पॉवर मीटर असणाऱ्यांचं काम सोपं, त्यांना वारा आणि वळणं यांचा त्रास आकड्यात होत नाही. २० मिनिटांची टेस्ट मारून त्यातल्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर), आणि पहिली स्प्रिंट असेल तर एफटीपीच्या ८५ ते ९० टक्क्यांवर सायकल, अनुभव असेल तर ९५ पर्यंत किंवा थोडं वर. घरात स्मार्ट ट्रेनर असेल तर त्याचे वॉट वापरता येतात, झ्विफ्टवर (ट्रेनरवर चालवायच्या ॲपवर) दिसणारा वेग मात्र वापरू नका. आणि पंखा लावल्याशिवाय आपल्याकडे ट्रेनरवरची टेस्ट करू नका, दमटपणात घाम सुकतच नाही, अंग तापतं आणि वॉट पडतात, मग वाटतं आपण कमजोर झालो.

हार्ट रेटवर चालणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सायकलवरचा हार्ट रेट तेवढ्याच मेहनतीला रनपेक्षा साधारण पाच-दहा ठोक्यांनी कमी असतो, त्यामुळे रनचे झोन (हार्ट रेटचे ठरवलेले पट्टे) सायकलला लावाल तर जास्त जोरात जाल. आणि उकाड्यात तो मेहनत न वाढवताही चढत जातो, कारण घामाने रक्तातलं पाणी कमी होतं आणि त्वचेला गार ठेवायला हृदयाला जास्त काम पडतं. ऑक्टोबर आणि मार्चमध्ये तर हे रोज दिसतं. म्हणून स्विमनंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत घड्याळातला हार्ट रेट बघून घाबरू नका आणि शेवटच्या पाच मिनिटांत बघून ढिलेही पडू नका, मधल्या भागात तो खरा. आणि काहीच नसेल तर ते तीन-चार शब्द आहेतच. भावाकडे साधं घड्याळ आहे, तो त्याच्यावरच जाणार आहे, आणि मला वाटतं पहिल्या रेसला ते उलट चांगलं.

रेसच्या दिवसाचा त्याचा प्लॅन आम्ही असा ठरवलाय. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात नाही, नाहीतर पेनल्टी. सायकल आधीच हलक्या गिअरवर लावून ठेवायची. पहिली फेरी सगळ्यात हळू, लोक पुढे जातील, जाऊ द्यायचे, त्यातले बरेच जण तिसऱ्या फेरीत भेटतात. दुसरी आणि तिसरी ठरलेल्या मेहनतीने, स्क्रीनवर ॲव्हरेज स्पीड ठेवायचाच नाही, फक्त लॅपचा वेळ, प्रत्येक फेरी १०:३५ ते ११:१५ च्या मधे. एक बाटली, थोडं मीठ-साखर घातलेलं पाणी, तीही दर फेरीच्या सरळ पट्ट्यावर दोन-तीन घोट, वळणावर नाही. चौथ्या फेरीचा शेवटचा एक किमी एक गिअर हलका करून पाय जरा पटपट फिरवायचे, पाठ सरळ करायची, डिसमाउंट लाईनच्या, म्हणजे सायकलवरून उतरायच्या रेषेच्या, आधी थांबून उतरायचं. आणि रनचा पहिला किमी ६:२० च्या आत गेला तर त्याला वेग कमी करायला मी आत्ताच सांगून ठेवलंय, पुढचे चार किमी त्याचे त्याने ठरवायचे.

त्याच्या रेसच्या आधीचा शेवटचा मोठा ब्रिक या रविवारी आहे, पाम बीचवर २० किमी आणि मग वाशीच्या मिनी सी-शोअरला ३ किमी रन. कोणाला यायचं असेल तर पहाटे साडेपाचला चेंबूर नाक्यावर या, मागे-पुढे लाईट हवा, आणि वाशीच्या पुढे प्रत्येक जण एकटा जाणार, एकमेकांच्या मागे नाही.